आधी पाणी, मग गोळी : बदललेल्या गुडघ्यातलं इन्फेक्शन

गुडघा बदलून बारा दिवस झालेत, टाके काढायला दोन दिवस बाकी आहेत. सकाळी ड्रेसिंगच्या खालच्या टोकाला रुपयाएवढा पिवळसर डाग दिसतो. ताप नाही, पेशंट वॉकर घेऊन चालतोय, नीट जेवतोय. ओळखीचे डॉक्टर पाच दिवसांची अँटिबायोटिक लिहून देतात, डाग वाळतो आणि घरचे निर्धास्त होतात. दोन-तीन महिन्यांनी तोच गुडघा रात्री ठणकायला लागतो, वाकवण्याचा व्यायाम पुढे सरकत नाही, हात लावला तर गरम लागतो. तोवर सोप्या ऑपरेशनची वेळ टळलेली असते. वर त्या पाच दिवसांच्या गोळ्यांमुळे जंतू कोणता हेही आता सहजी कळणार नसतं.

हे दुखणं तसं विरळा. पहिल्यांदा गुडघा किंवा खुबा बदलल्यावर शंभरात एक-दोघांना होतं. बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागला तर प्रमाण वाढतं. साखर ताब्यात नाही, ऱ्हुमॅटॉइड आमवातासाठी स्टेरॉइड चालू आहे, वजन फार आहे, तंबाखू-सिगरेट सुटलेली नाही, अशांमध्येही ते जास्त असतं. विरळा असल्यामुळेच गल्लीतल्या दवाखान्यात त्याची शंका पटकन येत नाही.

साध्या गोळ्यांनी हे का जात नाही? उन्हाळ्यात माठ आठवडाभर घासला नाही तर आतून बोटांना बुळबुळीत लागतं. पाणी ओतून नवीन भरलं तरी तो थर तसाच राहतो, काथ्या घेऊन घासावंच लागतं. बदललेल्या सांध्यातली धातूची टोपी, खालची प्लेट आणि मधलं प्लॅस्टिक यांवर जंतू असाच थर धरतात. डॉक्टर त्याला बायोफिल्म म्हणतात. धातूत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे रक्तातून येणारं औषध आणि पांढऱ्या पेशी तिथवर धड पोचत नाहीत. थरातले जंतू जवळजवळ झोपेत असतात आणि बहुतेक अँटिबायोटिक्सचा मारा वाढत्या, दुभंगणाऱ्या जंतूंवर चालतो. थरातला जंतू मारायला त्याच औषधाची शेकडो, कधी हजारपट तीव्रता लागते. तेवढी तीव्रता माणसाच्या रक्तात गाठताच येत नाही. अमेरिकी संशोधक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं होतं : इम्प्लांट, म्हणजे हा कृत्रिम सांधा, बसवल्याक्षणी त्यावर आधी कोण चिकटतं, शरीराच्या पेशी की जंतू.

थर पक्का व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्याआधी सांधा उघडून घासून धुतला तर इम्प्लांट वाचण्याची आशा असते, नंतर ते काढावंच लागतं. पाच दिवसांच्या गोळ्या थराबाहेर पोहणारे जंतू मारतात, म्हणून डाग वाळतो. थर मात्र आत निवांत वाढत राहतो.

हे इन्फेक्शन तीन प्रकारांनी दिसतं. पहिला प्रकार ऑपरेशननंतर लगेचचा, जखमेतून पाझरणारा. पहिले दोन-तीन दिवस जखमेतून थोडं लालसर पाणी येणं चालतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर एखादा दिवस जास्तही लागतो. पाचव्या दिवशीही ड्रेसिंग ओलं होत असेल तर पेशंटला ऑपरेशन केलेल्या सर्जननेच बघायला हवं. गुडघा वाकवण्याचा व्यायाम एक-दोन दिवस थांबवतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा फेरविचार करतात, दाब देणारं ड्रेसिंग घालतात. एवढं करूनही सातव्या दिवसापर्यंत पाझर थांबला नाही तर जखम थिएटरमध्ये उघडून धुणं हा उपाय आहे. आणि पाझरणाऱ्या जखमेवर कापसाची काडी फिरवून कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला, पाठवू नये. त्यात कातडीवरचे जंतू उगवतात, आत काय आहे ते कळत नाही, आणि पुढचे सहा आठवडे भलत्याच जंतूवर उपचार चालतात.

दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला काहीच दिसत नाही. कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस ऑपरेशनच्या वेळी आत जातो आणि महिनोन्‌महिने मुकाट राहतो. ताप नाही, पू नाही. पेशंट एवढंच सांगतो की हा गुडघा पहिल्या दिवसापासून कधी बरा वाटलाच नाही. वर्षभराने एक्स-रेत, इम्प्लांट हाडाला धरून ठेवणाऱ्या सिमेंटभोवती काळी रेघ दिसते आणि इम्प्लांट सैल झालं असा शेरा पडतो. दोन-चार वर्षांच्या आत सैल झालेलं इम्प्लांट, उलट सिद्ध होईपर्यंत, इन्फेक्शननेच सैल झालंय असं धरून तपासावं. नाहीतर नवं इम्प्लांट जुन्याच जंतूंवर बसतं.

तिसरा प्रकार कधीही होऊ शकतो, आठ-दहा वर्षांनीही. मधुमेह्याच्या टाचेची भेग, पायाचं गळू, किडका दात, लघवीचं इन्फेक्शन. तिथून जंतू रक्तात उतरतो आणि चांगल्या चालणाऱ्या गुडघ्यात जाऊन बसतो. आदल्या संध्याकाळी बाजारात जाऊन आलेल्या माणसाला सकाळी पाय टेकवत नाही, थंडी वाजून ताप येतो, गुडघा नारळासारखा सुजतो. हे रात्रीतून होतं, म्हणून चिकनगुनिया किंवा युरिक अ‍ॅसिड समजून दोन-तीन दिवस सहज जातात. बदललेला सांधा अचानक सुजला तर आधी त्यातलं पाणी काढून बघायचं. त्या गुडघ्यात वेदना थांबवायला स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं तर घोडचूक.

तपासणीची सुरुवात रक्तातल्या सीआरपी आणि ईएसआर या, शरीरात सूज-दाह किती आहे ते सांगणाऱ्या चाचण्यांपासून होते. सीआरपी ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जाऊन दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच अंशी खाली येतो. ईएसआर मात्र काही महिने चढा राहू शकतो, त्यामुळे सुरुवातीला त्यावर फार विसंबू नये. एकेका आकड्यापेक्षा त्याची चाल बघावी : उतरता सीआरपी पुन्हा चढायला लागला तर कान टवकारावेत. ऑपरेशनला सहा आठवडे उलटल्यावर सीआरपी दर लिटर १० मिलिग्रॅमच्या वर किंवा ईएसआर ३० च्या वर असेल तर शंका घ्यायची. पहिल्या सहा आठवड्यांत मात्र सीआरपीची रेघ १०० वर धरतात. इथे एक साधा घोळ वारंवार होतो. काही लॅब सीआरपी दर लिटरमध्ये छापतात, काही दर डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे. एका लॅबचा ४ आणि दुसरीचा ३५ बघून सीआरपी नऊपट वाढला म्हणून घर हादरतं. खरं तर ४ हा डेसिलिटरमधला असतो, म्हणजे ४०, आणि आकडा किंचित उतरलेला असतो. एकक बघितल्याशिवाय आकडा वाचू नये, आणि शक्यतो एकाच लॅबला चिकटून राहावं. सीआरपी नॉर्मल असूनही मंद जंतू आत असू शकतो, हेही लक्षात असू द्यावं.

निर्णय मुख्यतः सांध्यातल्या पाण्यावर होतो. पेशंटची तब्येत स्थिर असेल तर पाणी काढण्याआधी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवी. खूप ताप, रक्तदाब घसरलेला, अशी अवस्था असेल तर अर्थातच दोन आठवडे थांबायचं नाही. लगेच पाणी आणि रक्त कल्चरला काढून मग औषध सुरू करायचं. पाणी काढायला पाचेक मिनिटं लागतात. क्लोरहेक्सिडीन-स्पिरिटने कातडी साफ करून ती वाळू द्यायची, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून १८ नंबरची सुई घालायची. भूल फक्त कातडीत द्यायची. भुलीचं औषध लिग्नोकेन सांध्यात सोडलं तर ते स्वतःच जंतूंना मारक ठरतं आणि कल्चर बिघडतं. जिथे कातडी लाल, शेकलेली आहे तिथून सुई घालू नये.

आलेलं पाणी तीन ठिकाणी जातं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (यात द्रव गोठत नाही) पांढऱ्या पेशी मोजायला, कारण साध्या बाटलीत ते गोठतं आणि मोजणी हुकते. ब्लड कल्चरच्या बाटल्यांत तिथल्या तिथे. उरलेलं निर्जंतुक डबीत. दोनच मिली हाती लागलं तर कल्चर आणि पेशी एवढंच करावं, बाकी सोडून द्यावं. सुई कोरडी निघाली म्हणून आत सलाइन सोडून ते परत ओढलं तर पेशींच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. लॅबच्या फॉर्मवर ठळक लिहायचं : कृत्रिम सांधा, कल्चर १४ दिवस ठेवावं. हे लिहिलं नाही तर दोन-तीन दिवसांत वाढ नाही असा रिपोर्ट येतो आणि कल्चरची प्लेट टाकून दिली जाते. मंद जंतू उगवायला आठ-दहा दिवस सहज घेतात.

पैसे कमी असतील, लॅब लांब असेल तर एक स्वस्त युक्ती आहे. लघवी तपासायच्या पट्टीवर पांढऱ्या पेशींचा एक चौकोन असतो. त्यावर या पाण्याचा थेंब टाकून दोन मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. चौकोन गडद जांभळा झाला, म्हणजे दोन अधिक चिन्हांइतका, तर इन्फेक्शनची शंका पक्की होते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या पट्टीला पेशींच्या मोजणीइतकेच गुण दिलेत. पाणी रक्ताळलेलं असेल तर आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं स्वच्छ पाणी घ्यावं लागतं, नाहीतर तांबड्या रंगात जांभळा ओळखता येत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. कॉलेजात शिकवलेलं असतं की सांध्यात पू झाला असं म्हणायला पेशी ५०,००० च्या पुढे लागतात. ते स्वतःच्या, नैसर्गिक सांध्याबद्दल. बदललेल्या सांध्यात, ऑपरेशनला सहा आठवडे उलटून गेल्यावर, दर घनमिलिमीटर ३,००० पेशी किंवा त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्क्यांच्या वर, एवढ्यावरच इन्फेक्शनची शंका धरायची. पहिल्या सहा आठवड्यांत हे आकडे साधारण १०,००० आणि ९० टक्के. ८,००० पेशींचा रिपोर्ट बघून पू नाही म्हणत घरी पाठवलेला पेशंट सहा महिन्यांनी नासूर घेऊन परततो. गुडघ्याशेजारी बारीक छिद्र, मधूनच पाणी गळतं, मधूनच खपली धरते. ते छिद्र आत सांध्यापर्यंत जात असेल तर इन्फेक्शन सिद्ध करायला दुसरा पुरावा लागत नाही. एकच जंतू दोन वेगळ्या नमुन्यांत उगवला तरी निदान पक्कं.

निदान झालं की प्रश्न पडतो, इम्प्लांट ठेवायचं की काढायचं. ऑपरेशनला चार आठवड्यांच्या आत, किंवा जुन्या चांगल्या सांध्यात त्रास सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत, इम्प्लांट हाडात घट्ट असेल, नासूर नसेल, कातडी धड असेल आणि जंतूला लागू पडणारं औषध असेल, तर सांधा उघडून धुणं आणि इम्प्लांट जागेवर ठेवणं हा पर्याय खुला असतो. सर्जन मंडळी त्याला डेअर म्हणतात. दुर्बिणीतून धुणं इथे कमी पडतं. जुन्याच चिऱ्यातून सांधा पूर्ण उघडायचा आणि मधलं प्लॅस्टिक काढायचं. ते निघाल्याशिवाय गुडघ्याची मागची बाजू दिसतच नाही आणि प्लॅस्टिकच्या पाठीवरचा थरही तसाच राहतो. सुजलेलं, लालभडक अस्तर कापून काढायचं. पाच वेगवेगळ्या जागांचे तुकडे पाच वेगळ्या चिमट्यांनी उचलून पाच वेगळ्या डब्यांत घालायचे. हे थिएटरमध्ये फार जपावं लागतं, कारण बायोप्सीच्या सवयीने कुणीतरी डबीत फॉर्मेलिन ओततं आणि जंतू तिथेच मरतात. फॉर्मेलिन फक्त बायोप्सीच्या डबीत, कल्चरच्या डबीत कधीच नाही.

मग धुणं. तीन लिटरच्या सलाइनच्या दोन ते तीन पिशव्या, म्हणजे सहा ते नऊ लिटर, कमी दाबाने. धातूचे पृष्ठभाग ब्रशने घासायचे. अर्धा लिटर सलाइनमध्ये १० टक्क्यांचं निर्जंतुक पोव्हिडोन आयोडीन साडेसतरा मिली घालून ते तीन मिनिटं सांध्यात ठेवायचं आणि पुन्हा धुवून टाकायचं. हातात ५ टक्क्यांची बाटली असेल तर दुप्पट, ३५ मिली. बाटलीवरची टक्केवारी न वाचता ओतलं तर द्रावण अर्ध्या किंवा दुप्पट तीव्रतेचं होतं. धुऊन झाल्यावर ग्लोव्हज, वरच्या चादरी आणि हत्यारं बदलूनच नवं प्लॅस्टिक बसवायचं.

ते नवं प्लॅस्टिक त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं आणि मापाचं लागतं. पेशंट सेप्टिक, म्हणजे इन्फेक्शनने अत्यवस्थ, नसेल तर त्यासाठी एक दिवस थांबलेलं आमच्या मते केव्हाही बरं. रात्री दोन वाजता, माप नसताना, घाईघाईने अर्धवट धुण्यापेक्षा सकाळी साखर उतरवून, योग्य भाग हाताशी ठेवून, ज्यांनी हे काम अनेकदा केलंय अशांनी केलेलं धुणं उपयोगी ठरतं.

थर जुना झाला असेल तर माठच बदलावा लागतो. जगभर सर्वाधिक रुळलेली पद्धत दोन टप्प्यांची. न्यूयॉर्कचे जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ मध्ये गुडघ्यासाठी मांडली. पहिल्या टप्प्यात इम्प्लांट आणि सिमेंटचा कण न् कण काढतात. पातळ करवत आणि चपट्या छिन्न्या धातू आणि सिमेंट यांच्या मधल्या फटीत हळूहळू फिरवायच्या. इथे जोर लावला तर सिमेंटसोबत हाडाचा लचका निघतो आणि पुढच्या इम्प्लांटला टेकायला जागा उरत नाही. काढलेलं इम्प्लांट फेकायचं नसतं. ते निर्जंतुक डब्यात सलाइनमध्ये बुडवून लॅबमध्ये अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी हलवतात, थर सुटतो आणि त्या पाण्याचं कल्चर करतात. गोळ्या आधी घेतलेल्या पेशंटमध्ये या पद्धतीने जंतू जास्त सापडतात, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं.

मोकळ्या जागेत औषधी सिमेंटचा स्पेसर, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंतचा तात्पुरता ठोकळा, बसतो. ४० ग्रॅम सिमेंटच्या पुडीत साधारण ३ ते ४ ग्रॅम व्हँकोमायसीन, जोडीला जेंटामायसीन किंवा टोब्रामायसीन, ही सगळी अँटिबायोटिक्स. सिमेंट घट्ट होताना तापतं, ती उष्णता ही औषधं सोसतात. औषध पावडरच हवं. आपल्याकडे जेंटामायसीन सहज मिळतं ते द्रव इंजेक्शनच्या रूपात, आणि ते ओतलं तर सिमेंट नीट बांधलं जात नाही. म्हणून कंपनीनेच जेंटामायसीन घातलेलं सिमेंट घेऊन त्यात व्हँकोमायसीनच्या कुप्या रिकाम्या करतात. कुपीतल्या पावडरीचे गोळे आधी वाटीत चिरडून घ्यायचे, सिमेंटच्या कोरड्या पावडरीत थोडं थोडं मिसळायचं आणि शेवटी द्रव ओतायचा. एवढ्या औषधाने मिश्रण भाकरीच्या कोरड्या पिठासारखं फुटीर होतं, हाताने मळून एकजीव करावं लागतं. निर्वात यंत्रात ढवळू नये, कारण बारीक छिद्रांतूनच औषध बाहेर पाझरतं. गोळा चांगला घट्ट होत आला की मगच हाडावर बसवायचा, म्हणजे तो हाडाच्या जाळीत रुतत नाही आणि दोन महिन्यांनी अलगद निघतो. एका गुडघ्याला दोन-तीन पुड्या लागतात. कायमच्या इम्प्लांटसाठी मात्र एवढं औषध चालत नाही, सिमेंट ठिसूळ होतं.

यातलं बरंचसं औषध पहिल्या काही दिवसांत बाहेर पडतं आणि थोडं रक्तातही जातं. किडनी आधीच अशक्त असेल, शिरेतूनही व्हँकोमायसीन चालू असेल, तर क्रिएटिनीन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) चढतं. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी ते बघणं आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळणं, एवढं तरी करायलाच हवं.

एकाच बैठकीत जुनं काढून नवं बसवायची पद्धतही आहे. तिचं माहेर जर्मनीतलं हॅम्बुर्ग. तिथे हान्स बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास सिमेंटमध्ये जेंटामायसीन मिसळायला सुरुवात केली. जंतू ऑपरेशनआधीच माहीत असेल आणि भोवतालचे स्नायू-कातडी चांगली असतील तर पेशंटचं एक मोठं ऑपरेशन वाचतं. खुब्यासाठी ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये आलेल्या चाचणीत दीड वर्षाने दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच निघाला. आपल्याकडे अडचण येते ती जंतू आधी माहीत असण्याचीच, कारण पेशंट आला तेव्हा त्याच्या पोटात तीन प्रकारच्या गोळ्या जाऊन आलेल्या असतात.

औषधांचा भाग लांबलचक आहे. स्टॅफिलोकॉकस साधा, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देणारा असेल तर सेफाझोलिन २ ग्रॅम दर आठ तासांनी. दाद न देणारा असेल तर व्हँकोमायसीन, आणि तेही हळू, एका ग्रॅमला निदान तासभर. भराभर सोडलं तर चेहरा-मान लालबुंद होऊन खाज सुटते. घरचे त्याला अ‍ॅलर्जी समजतात आणि फाइलवर तसं लिहिलं गेलं की चांगलं औषध कायमचं हातचं जातं. इम्प्लांट जागेवर ठेवलेलं असेल तर जोडीला रिफाम्पिसिन, साधारण ३०० ते ४५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. थरात शिरून काम करणाऱ्या मोजक्या औषधांपैकी हे एक. ते कधीही एकटं द्यायचं नाही, जंतू काही दिवसांत त्याला निर्ढावतो. जखम कोरडी झाल्यावर, जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी निघाल्यावर आणि कल्चरचा रिपोर्ट हाती आल्यावरच सुरू करायचं. जोडीला सहसा लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक असतं.

इथे आपल्या देशाची एक खास गोष्ट येते. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध म्हणून सगळ्यांना ठाऊक. मेडिकलवाला विचारतो, टीबी आहे का? घरात कुजबुज सुरू होते आणि कुणीतरी ती गोळी गुपचूप बंद करतं. तर आधीच सांगून ठेवावं की ही गोळी या जंतूसाठी आहे आणि लघवी-घाम केशरी होणार आहे. खरा टीबी विसरून मात्र चालणार नाही. गुडघ्याचा टीबी झीज समजून बदलला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. रिफाम्पिसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन दोन्ही टीबीच्या जंतूवर चालतात. आत टीबी असेल तर तो काही काळ दबतो, पुन्हा उफाळतो आणि तेव्हा औषधाला दाद देईलच असं नाही. म्हणून पहिल्याच ऑपरेशनमध्ये एक तुकडा सीबीनॅटला (टीबीची झटपट जनुकीय चाचणी), एक टीबी कल्चरला, एक बायोप्सीला. हे रिफाम्पिसिनच्या पहिल्या गोळीआधी.

रिफाम्पिसिन यकृताकडून इतर औषधं भराभर जाळून घेतं. मधुमेहाचं ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर चढते, अ‍ॅम्लोडिपिनवरच्याचा रक्तदाब वाढतो, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम ओसरतो. कोर्स संपून दोनेक आठवडे झाले की उलटं होतं : मधल्या काळात वाढवलेला वॉरफरिनचा डोस तसाच राहिला तर रक्तस्राव. लिव्होफ्लॉक्सासिन कॅल्शियम, लोह किंवा पोटातल्या जळजळीच्या अँटासिडबरोबर घेतलं तर शोषलंच जात नाही, मध्ये निदान दोन तास हवेत. गुडघ्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला कॅल्शियमची गोळी चालू असते, हे कुणी विचारत नाही. टाचेमागची जाड दोरीसारखी शीर (कंडरा) दुखायला लागली तर लिव्होफ्लॉक्सासिन थांबवून डॉक्टरांना कळवावं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक दिलं आणि ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर दर आठवड्याला रक्तातल्या प्लेटलेट बघायच्या.

सहा आठवडे शिरेतूनच औषध हवं, सलाइनचं इंजेक्शनच जोरदार, ही समजूत पेशंटइतकीच डॉक्टरांचीही. ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीत १,०५४ पेशंटना पहिल्या आठवड्यानंतर एकतर शिरेतून किंवा तोंडाने औषध दिलं. वर्षअखेर उपचार फसण्याचं प्रमाण शिरेतून १४.६ टक्के, तोंडाने १३.२ टक्के. २०१९ मध्ये हे आलं. जंतूला लागू पडणारी, हाडात उतरणारी गोळी उपलब्ध असेल तर लवकर गोळीवर यायला हरकत नाही. किती दिवस द्यायचं यात मात्र हात आखडू नये. फ्रान्समधल्या २०२१ च्या चाचणीत सहा आठवड्यांच्या गटात १८.१ टक्के पेशंटमध्ये इन्फेक्शन टिकून राहिलं, बारा आठवड्यांच्या गटात ९.४ टक्के. इम्प्लांट न काढता फक्त धुतलेल्यांमध्ये फरक सर्वांत ठळक होता.

स्पेसर असलेल्या काळात वॉकर, लांब ब्रेस, कमोडची खुर्ची. अर्धवट वजन टाकायचं. हा स्पेसर तुटू शकतो, सरकूही शकतो, म्हणून पाय अचानक वाकडा दिसला किंवा आत कट् आवाज आला तर एक्स-रे. सहा आठवडे औषध झाल्यावर दोन आठवडे किंवा जास्त काळ ते बंद ठेवून सीआरपी बघतात, बरेच सर्जन पुन्हा पाणी काढतात. औषध बंद असतानाही सगळं शांत राहिलं तर दुसरा टप्पा. सगळेच तिथवर पोचत नाहीत. कुणाची तब्येत साथ देत नाही, कुणी स्पेसरवरच चालू लागतो आणि परत येत नाही. जंतू हटतच नसेल तर गुडघा सरळ जोडून कायमचा ताठ करणं, आयुष्यभर एक गोळी चालू ठेवून पू दाबून ठेवणं, आणि अगदी शेवटी मांडीतून पाय काढणं, हे पर्याय उरतात. ताठ पण न दुखणारा पाय कित्येकांना चालतो. बसमध्ये बसताना मात्र अडचण होते, हे निर्णयाआधी स्पष्ट सांगावं.

बदललेला गुडघा असलेल्यांनी टाचा-पायांच्या भेगा, नखुरडं, हिरड्या यांकडे लक्ष ठेवावं आणि साखर सांभाळावी. दात काढण्याआधी सरसकट अँटिबायोटिक घ्यायची गरज नाही, अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेचा २०१५ चा सल्लाही तसाच आहे. लघवीत जंतू दिसले पण जळजळ, ताप काहीच नसेल तर त्यासाठीही गोळ्या नकोत.

आणि फाइल. डिस्चार्ज कार्डाबरोबर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर एका कागदावर चिकटवून देतात, त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट नंबर असतो. तो कागद बिलांच्या गठ्ठ्यात हरवतो. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. पाच वर्षांनी रात्रीतून गुडघा सुजला तर कोणत्या कंपनीचं, कितव्या मापाचं प्लॅस्टिक मागवायचं हे त्या फोटोवरून पाच मिनिटांत कळतं. तो नसला तर एक्स-रे हातात घेऊन दोन-तीन कंपन्यांच्या माणसांना फोन लावत बसावं लागतं.